“याला बरं कर” ही प्रार्थना मूलही ऐकत असतं

प्रश्न: माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा असताना त्याला ऑटिझम असल्याचं निदान झालं. तो बोलतो, पण मोजकं. आमचं घर श्रद्धाळू आहे. सासूबाई रोज त्याला जवळ बसवून, तो बरा व्हावा म्हणून प्रार्थना करतात. “तुझीच श्रद्धा कमी पडते, म्हणून तो सुधारत नाही,” असं मला ऐकवतात. सामूहिक प्रार्थनेला नेलं की तो कान झाकून ओरडतो, लोक वळून वळून बघतात. गेल्या महिन्यात त्याने मला विचारलं, “देवाने मला असं का केलं?” मला काही सुचलं नाही, मी विषय बदलला. तुम्ही तज्ज्ञ मंडळी ‘स्वीकार करा’ म्हणता. म्हणजे आशा सोडून द्यायची का?

उत्तर:

ताई, तुमच्या प्रश्नातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ‘त्याला जवळ बसवून’. मी तिथूनच सुरुवात करते.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. गेली २३ वर्षं ऑटिस्टिक मुलं आणि त्यांच्या घरची माणसं यांच्यात वावरते आहे. मध्यंतरी माझ्याकडे एक १३ वर्षांचा मुलगा यायचा. तोंडाने एकही शब्द बोलत नसे. टॅब्लेटवर चित्रं आणि अक्षरं दाबून बोलायला नुकताच शिकला होता. स्वतःच्या बोटाने, कुणीही हात न धरता. हे मुद्दाम सांगते, कारण मोठ्या माणसाने मनगट धरून टाइप करून घेतलेलं वाक्य मी मुलाचं मानत नाही. एक दिवस ठोकळे लावता लावता तो थांबला, टॅब्लेट ओढून घेतला आणि बराच वेळ एकेक अक्षर शोधत बसला. मग त्या मशीनच्या सपाट आवाजात वाक्य आलं: “आजी रोज म्हणते बरं कर मला काय झालं.” दाराबाहेर बसलेल्या आईनेही ते ऐकलं. त्याला काही कळत नाही असं घरात सगळ्यांनी धरून चालवलं होतं, त्यामुळे त्याच्यासमोर काय बोलायचं आणि काय नाही याचा विचारच कधी झाला नव्हता.

मूल नजरेला नजर देत नाही, हाक मारली तर वळत नाही, म्हणून त्याचं लक्ष नाही असं आपल्याला वाटतं. बोलता न येणं वेगळं आणि न समजणं वेगळं. त्यातून जी गोष्ट रोज, त्याच वेळी, त्याच शब्दांत येते ती ही मुलं पक्की टिपून ठेवतात, आणि प्रार्थना नेमकी तशीच असते. तुमच्या सासूबाई जीव तोडून मागत असतील, त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण शेजारी बसलेला नातू रोज ऐकतो आहे, की त्याच्यात काहीतरी बिघडलेलं आहे आणि ते दुरुस्त होण्याची घर वाट बघतं आहे. “देवाने मला असं का केलं?” हा प्रश्न त्याच्या डोक्यात कुठून आला असेल, याचं उत्तर कदाचित इथेच सापडेल.

१९९३ साली टोरांटोच्या ऑटिझम परिषदेत जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक व्यक्तीने पालकांना सांगितलं होतं, की दुःख करायचंच असेल तर ज्या मुलाची तुम्ही वाट बघत होतात आणि जे आलंच नाही, त्याचं करा. जे समोर उभं आहे त्याचं नको. ‘याचा ऑटिझम जावो’ असं आईबाप म्हणतात तेव्हा मुलाला ऐकू येतं, ‘हा जावो, याच्या जागी दुसरं कुणी येवो’. तीस वर्षं होऊन गेली, पण यापेक्षा नेमकं काही मला अजून सांगता आलेलं नाही.

मग सासूबाईंनी प्रार्थना बंद करायची का? अजिबात नको. त्यांच्याकडून ती काढून घ्याल तर त्यांच्या हाती काहीच उरणार नाही, आणि घरात भांडण पेटेल ते वेगळंच. फक्त मागणं बदलायला सांगा. “याला बरं कर” ऐवजी “आज याला शांत झोप लागू दे”, “याचं पोट दुखायचं थांबू दे”, “आम्हाला याचं म्हणणं कळू दे”. हे मागणं मुलाच्या बाजूचं आहे, त्याच्या विरोधातलं नाही. एका आजींना मी हे सुचवलं तेव्हा त्या माझ्यावर चांगल्याच चिडल्या, “देवाकडे काय मागायचं ते आता तुम्ही ठरवणार?” पंधरा दिवसांनी त्यांनीच फोन करून विचारलं, की त्याला नक्की कशाकशाचा त्रास होतो याची यादी मिळेल का. मागायला काहीतरी नेमकं हवं होतं त्यांना.

आता ते ‘श्रद्धा कमी पडते’ प्रकरण. आईला दोष देण्यात देवाधर्माची माणसंच पुढे असतात असं समजू नका. माझा स्वतःचा पेशा यात कुणाच्या मागे नव्हता. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझम वैद्यकाच्या नकाशावर आणला, आणि त्याच सुरात या मुलांचे आईवडील भावनेने थंड असतात असंही नोंदवलं. त्यातून ‘रेफ्रिजरेटर मदर’, म्हणजे फ्रिजसारखी थंड आई, हा शब्द निघाला. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली तो विचार पुस्तकातून घरोघर पोचवला. आईने प्रेम दिलं नाही म्हणून मूल असं झालं, हे तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांनी आयांना तोंडावर सांगितलं. खरं तर बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्येच हे खोडून काढलं होतं. तो स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप होता. शेवटी १९६९ साली कॅनर यांनीच पालकांच्या मेळाव्यात त्यांना दोषमुक्त जाहीर केलं. तोवर एका पिढीच्या आया त्या ओझ्याखाली पिचून गेल्या होत्या. प्रेम कमी पडलं काय किंवा श्रद्धा कमी पडली काय, आरोप तोच आहे, फक्त वकील बदलला.

प्रत्यक्षात ऑटिझमचा मोठा भाग आनुवंशिक घडणीतून येतो. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, इस्राएल आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वीस लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात हा वाटा सुमारे ८० टक्के निघाला. मेंदूची ही वेगळी जडणघडण मूल पोटात असतानाच सुरू झालेली असते. तुम्ही तेव्हा किती वेळा प्रार्थना केली याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तरीही घरोघरी कारण शोधलं जातं, आणि का ते मला समजतं. काही मुलं दीड-दोन वर्षांची होईतो चार शब्द बोलू लागतात आणि मग ते शब्द हरवतात. त्याच सुमारास घरात काहीतरी घडलेलं असतंच: आजारपण, प्रवास, एखादं भांडण, एखादी लस. दोन्हींची गाठ मारली जाते. लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा तो गाजलेला निबंध १९९८ साली फक्त १२ मुलांवरून लिहिला गेला आणि २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला, तरी भीती अजून शिल्लक आहे. उलट्या बाजूनेही तसंच होतं. ऑटिस्टिक मूल वाढत असतं, शिकत असतं, फक्त त्याचं शिकणं सरळ रेषेत चालत नाही. चार महिने काही नाही, मग एकाच आठवड्यात तीन नव्या गोष्टी. त्या आठवड्यात तुम्ही जे काही करत होतात, त्याला श्रेय जातं. कुणी प्रार्थनेला देतं, कुणी आहाराला, आणि खरं सांगायचं तर कुणी कुणी थेरपिस्टलाही, ज्याने काही विशेष केलेलं नसतं.

श्रेय कुणालाही द्या, माझं काही म्हणणं नाही. धोका सुरू होतो तो ‘बरं करून देतो’ म्हणणारा माणूस मुलाच्या शरीराला हात घालतो तेव्हा. अमेरिकेत मिलवॉकी शहरात २००३ साली ८ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाच्या अंगातलं ‘वाईट’ काढण्यासाठी प्रार्थनासभेत त्याला जमिनीवर दाबून धरलं गेलं आणि तो गुदमरून मेला. त्याच देशात फ्लोरिडातला एक गट स्वतःला चर्च म्हणवत क्लोरीन डायऑक्साइड, म्हणजे कागद पांढरा करायला वापरतात ते रसायन, पवित्र द्रव्य म्हणून विकत होता. ऑटिझमही त्याने जातो असा दावा होता. चालवणाऱ्या बापाला आणि तीन मुलांना २०२३ साली तुरुंगवासाची शिक्षा झाली. आणि देवाचं नाव न घेताही तेच होतं: २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात ‘शरीरातले जड धातू काढतो’ म्हणून दिलेल्या शिरेतल्या औषधाने ५ वर्षांचा मुलगा दगावला. म्हणून माझा नियम साधा आहे. मुलाला धरून ठेवणं, उपाशी ठेवणं, जागवणं, मारणं, काही पाजणं किंवा त्याचं चालू औषध थांबवणं, यांतलं काहीही सांगितलं गेलं तर तिथून उठा. सांगणारा कितीही पूज्य असला तरी. फिट्सचं औषध थांबवणं तर जिवावर बेतू शकतं.

आता स्वीकार आणि आशा. हे दोन शब्द एकमेकांच्या विरोधात उभे केले गेले, यात आमचीही चूक आहे. निदान सांगतानाच आम्ही ‘स्वीकार करा’ असं काहीतरी मोघम बोलून पालकांना वाटेला लावतो. कशाचा स्वीकार, ते सांगत नाही. मी माझ्यापुरती अशी वाटणी करते. त्याचं हात हलवणं, तोच व्हिडिओ चाळीस वेळा बघणं, पंख्यांबद्दल तासभर बोलणं, डोळ्यांत न बघता बोलणं, हा तो आहे. याला हात लावायचा नाही. पण झोप न लागणं, बद्धकोष्ठ, फिट्स, कपड्याच्या शिवणीने होणारी आग, सांगता न आल्यामुळे होणारी चिडचिड, भीती, हा त्याला होणारा त्रास आहे. याच्यावर तुटून पडायचं, जितके उपाय असतील तितके करायचे. गेल्या वर्षी एक मुलगी अचानक स्वतःच्या गालावर मारून घ्यायला लागली. ‘ऑटिझममुळे असंच असतं’ म्हणून घरच्यांनी दोन महिने काढले. तिची दाढ किडली होती. ‘असंच असतं’ म्हणून गप्प बसणं याला मी स्वीकार म्हणत नाही.

आशा ठेवायची ती या दुसऱ्या यादीवर. तुमचा मुलगा मोजकं बोलतो म्हणता. मग बोलण्याच्या जोडीला चित्रं, लिहिणं, टॅब्लेट, जे जमेल ते द्या. त्याने बोलणं मागे पडेल ही भीती निराधार आहे. आणि पहिल्या यादीतलं काही दाबून टाकायला लावू नका. चारचौघांसारखं दिसण्यासाठी स्वतःला सतत लपवत राहणाऱ्या ऑटिस्टिक माणसांमध्ये नैराश्य आणि जीव नकोसा होणं जास्त दिसतं, हे आता अभ्यासांतून पुढे आलं आहे. शाळेत सहा तास नीट बसून घरी येऊन वस्तू फेकणारं मूल तुम्ही पाहिलं असेल. तो हट्ट नसतो. दिवसभराचं लपवणं दार बंद झाल्यावर बाहेर येतं.

(‘स्वमग्न’ हा आपला शब्द मला फारसा आवडत नाही, जाता जाता सांगून टाकते. त्यातून वाटतं की मूल स्वतःतच रमलंय, त्याला बाकीच्यांचं काही पडलेलं नाही. माझ्या अनुभवात बऱ्याच मुलांना माणसं हवी असतात, फक्त माणसांचा आवाज सोसवत नाही.)

त्यावरून सामूहिक प्रार्थनेकडे येते. माइक, घंटा, टाळ्या, धूर, उग्र वास, खेटून बसलेली माणसं, मध्येच सगळ्यांनी उभं राहणं, आणि हे कधी संपणार याचा पत्ता नाही. ऑटिस्टिक मुलासाठी याहून अवघड जागा मुद्दाम बांधायची म्हटली तरी जमणार नाही. आवाज, वास, स्पर्श यांची तीव्र जाणीव २०१३ पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच धरली जाते. तो कान झाकतो तेव्हा त्याला खरंच दुखत असतं. देवाबद्दल त्याचं काय मत आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

माझ्याकडचा एक मुलगा प्रार्थना सुरू झाली की एकाच खालच्या सुरात ‘ऊं...’ करत राहायचा. लोक म्हणायचे, मध्येच गोंधळ घालतो. एकदा मी सोबत गेले आणि त्याच्या शेजारी बसले. डोक्यावरचा पंखा बरोब्बर त्याच सुरात घरघरत होता. तो त्या आवाजात आपला आवाज मिसळून त्याला बोथट करत होता. जागा बदलली, गुणगुणणं निम्म्यावर आलं.

तुम्ही असं करून बघा. आधी एकदा जागा रिकामी असताना त्याला न्या. फिरू द्या, स्पीकर कुठे आहेत ते बघू द्या. तिथे काय काय होतं आणि कोणत्या क्रमाने, ते चार-पाच फोटोंत मांडून घरी वाचा. कॅरल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने रूढ केलेल्या ‘सोशल स्टोरी’चाच हा साधा घरगुती अवतार. मग खऱ्या दिवशी फक्त शेवटची दहा मिनिटं, दाराजवळ, आवाज कमी करणारे हेडफोन लावून. निघायची खूण आधी ठरवा, आणि त्याने ती केली की लगेच निघा. “अजून दोनच मिनिटं” म्हणालात तर पुढच्या वेळी तो खुणेवर विश्वास ठेवणार नाही, थेट ओरडेल. जमलं तर त्याला काम मागून घ्या: दिवे लावणं, पुस्तकं वाटणं, खुर्च्या मोजून मांडणं. काय करायचं हे माहीत असलं की ती जागा निम्मी सोपी होते.

लोक वळून बघतात, ते बघतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे साधारण दर १२७ माणसांमागे एक ऑटिस्टिक असतो. अडीचशे माणसं जमत असतील तर हिशेबाने त्यांतलीच दोघं, कदाचित आयुष्यभर निदान न झालेली, कोपरा धरून बसलेली असतील. जे प्रार्थना चालवतात त्यांच्याशी मात्र आधी बोला. तुमचा मुलगा आवाज करेल, तो अनादर नाही, आणि त्यांनी तिथून एकदा “असू द्या” म्हटलं की बाकीच्या माना आपोआप पुढे वळतील.

एवढं करूनही त्याला नकोच असेल तर नेऊ नका. घरात बसून करा, किंवा तो नसताना करा.

श्रद्धेची भाषा त्याला कशी ऐकू येते, याबद्दलही थोडं. ही मुलं शब्द जसाच्या तसा घेतात. एक ७ वर्षांची मुलगी अचानक बाथरूममध्ये जायची बंद झाली. कपडे खराब व्हायचे, ओरडा बसायचा, पण आत पाऊल टाकेना. तीन आठवड्यांनी तिने कागदावर एक दार काढलं आणि दाराच्या आत डोळेच डोळे. कुणीतरी तिला सांगितलं होतं, देव सगळीकडे असतो आणि सगळं बघतो. तिच्या आईने त्याच दिवशी नवा नियम केला: कडी लावली की देव डोळे मिटून घेतो. धर्मशास्त्राच्या जाणकारांना हे पटणार नाही कदाचित, मुलीला पटलं. तेव्हा ‘देवाघरी गेले’, ‘देव शिक्षा करतो’, ‘मनापासून मागितलं की मिळतं’ असली वाक्यं जपून वापरा. यांतलं शेवटचं तर फारच जपून. त्याने मनापासून मागितलं आणि मिळालं नाही, तर तो चूक स्वतःत शोधेल.

वयात येताना आणखी एक गोष्ट बघावी लागते. नियम प्रिय असलेला मुलगा प्रार्थनेचा नियम इतका घट्ट धरतो, की एक शब्द चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून, असं रात्रीचे दोन वाजेपर्यंत चालतं. घरचे कौतुक करतात. ती भक्ती नाही, चिंतेचा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात. अशा वेळी एखाद्या समंजस धर्मगुरूचं “एकदा म्हटलंस, पुरे” हे वाक्य माझ्या दहा सत्रांपेक्षा जास्त काम करतं, असं मी पाहिलं आहे.

तो पुढे श्रद्धाळू होईल की नाही, ते त्याचं तो ठरवेल. ऑटिस्टिक माणसांना देव ही कल्पना अवघड जाते असा निष्कर्ष २०१२ च्या एका अभ्यासाने मांडला होता, नंतरच्या अभ्यासांत ते नातं तितकं ठाम दिसलं नाही. मी तरी दोन्ही टोकांची माणसं पाहिली आहेत.

राहिला त्याचा प्रश्न. विषय बदललात म्हणून वाईट वाटून घेऊ नका, पण परत जा. मुलं असा प्रश्न क्वचितच दुसऱ्यांदा विचारतात, तेव्हा तुम्हालाच काढावा लागेल. रात्री झोपताना किंवा गाडीत, जिथे समोरासमोर बघावं लागत नाही अशा जागी. आधी विचारा, “असं म्हणजे कसं?” त्याच्या मनात काय आहे ते आपण धरून चालू नये. मी हे विचारायला सांगितलेल्या एका मुलाचं उत्तर होतं, “म्हणजे डावखुरा.”

ऑटिझमबद्दलच विचारत असेल तर शब्द टाळू नका. “तुझा मेंदू वेगळ्या पद्धतीने चालतो, त्याला ऑटिझम म्हणतात. त्यामुळे तुला आवाज जास्त मोठे वाटतात आणि नकाशे एकदा बघून पाठ होतात. तू काही चूक केली नाहीस. मीही नाही.” नकाशांच्या जागी त्याचं जे असेल ते घाला, खोटं कौतुक त्याला कळतं. ‘तू देवाचं खास मूल’ वगैरे म्हणू नका. खास असणं हे त्याच्यावर आणखी एक काम होऊन बसतं. देवाने का केलं, याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर द्या. नसेल तर “मला माहीत नाही” म्हणा. या मुलांना “माहीत नाही” चालतं, गोलमोल उत्तर चालत नाही. आणि मग त्याने लगेच पंख्यांचा किंवा रेल्वेचा विषय काढला, तर त्या विषयावर त्याच्याशी बोला.